केमिकलचा टँकर निघण्याआधी: कोणते परवाने, कोणत्या पाट्या, कोणती फाईल

भारतात ‘धोकादायक मालाचं परमिट’ नावाचा एकच एक कागद नाही. धंद्यात नव्याने उतरणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा पहिला गोंधळ इथेच होतो. गाडी रस्त्यावर आणायची परवानगी आरटीओ देतं. पेट्रोल, टोल्युइन, गॅस किंवा स्फोटकं असतील तर परवाना ‘पेसो’चा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा लागतो. तिचं मुख्यालय नागपूरला आहे आणि नवी मुंबईत बेलापूरला कार्यालय आहे. कारखान्यातला घातक कचरा हलवायचा तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावं लागतं आणि किरणोत्सारी पदार्थ असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. कोणता कागद लागेल हे माल ठरवतो. त्यामुळे गाडी कोणती लावायची याच्या आधी मालाचं नाव पक्कं करावं लागतं.

नाव म्हणजे गोदामात चालणारं ‘थिनर’, ‘सॉल्व्हेंट’ किंवा ‘अ‍ॅसिड’ नव्हे. माल पाठवणाऱ्या कंपनीकडे त्या रसायनाची सेफ्टी डेटा शीट असते, ती आधी मागून घ्या. बहुतेक कंपन्यांची शीट सोळा भागांची असते. त्यातला चौदावा भाग वाहतुकीचा. त्यात चार अंकी यूएन नंबर, वाहतुकीसाठीचं अधिकृत नाव आणि धोक्याचा वर्ग दिलेला असतो. टोल्युइनचा यूएन नंबर १२९४, वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा १८३०, वर्ग ८, म्हणजे जाळणारा, गंजवणारा पदार्थ. पुढचे सगळे कागद या दोन आकड्यांवर उभे राहतात आणि इथे चूक झाली तर ती बिल्टीपासून, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीपासून, गाडीच्या पाटीपर्यंत सगळीकडे उतरते.

शीटचा नववा भागही वाचायचा. त्यात फ्लॅश पॉइंट असतो, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. पेट्रोलियम कायद्यात २३ अंश सेल्सिअसच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेला माल ‘अ’ वर्गात जातो, २३ ते ६५ च्या दरम्यानचा ‘ब’ मध्ये आणि ६५ ते ९३ चा ‘क’ मध्ये. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश आहे आणि ते हायड्रोकार्बन आहे. म्हणून ते ‘अ’ वर्गाचं पेट्रोलियम ठरतं आणि टँकरला पेसोचा परवाना लागतो. सल्फ्युरिक अ‍ॅसिडला तो लागत नाही. म्हणून ते कमी धोक्याचं समजू नका. त्याला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले नियम १२९ ते १३७ पूर्ण लागू होतात, टोल्युइनलाही होतात. फरक एवढाच की टोल्युइनवर एक कायदा जास्तीचा आहे.

पेसोचा परवाना

टँकरमधून पेट्रोलियम नेण्याचा परवाना पेट्रोलियम नियम २००२ खाली, नमुना ११ मध्ये मिळतो. तो कंपनीला सरसकट दिला जात नाही, प्रत्येक गाडीला स्वतंत्र असतो. टाकीचा आराखडा आधी मंजूर व्हावा लागतो, टाकी मान्यताप्राप्त फॅब्रिकेटरने बांधावी लागते, चाचणी व्हावी लागते आणि मग परवाना निघतो. दाबाखालचा गॅस असेल तर परवाना वेगळा, एलएस-२. तिथे टाकीची चाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दर वर्षी करावी लागते. गंजवणाऱ्या किंवा विषारी गॅसला पाच वर्षांची मुदत मिळत नाही, तिथे दोन वर्षांनी चाचणी. स्फोटकांच्या गाडीला एलई-७ लागतो.

सेकंडहँड टँकर घेताना इथे हमखास अडचण येते. आरसी नव्या मालकाच्या नावावर चढते, विमा होतो, फिटनेस होतं, आणि पेसोचा परवाना मात्र जुन्याच मालकाच्या नावावर राहतो. आरटीओला त्याचं काही वाटत नाही, कारण तो कागद त्यांचा नाही. मग डेपोच्या किंवा रिफायनरीच्या गेटवर गाडी अडते. व्यवहार करतानाच परवाना बदलण्याचा अर्ज टाका आणि तो होईपर्यंत सगळी रक्कम हातावेगळी करू नका. टाकी दुसऱ्या चॅसिसवर चढवली असेल तर आधी पेसोची मंजुरी हवी आणि आरसीतही बदल नोंदवायला हवा. आरसीवर बॉडी ‘ट्रक’ आणि प्रत्यक्षात वर टाकी, अशी गाडी नियमानुसार त्या मालासाठी नोंदलेली गाडीच नसते.

आरटीओचे बाकीचे कागद ओळखीचे आहेत: आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी. ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवले तरी चालतात. पेसोचा परवाना आणि ट्रेम कार्ड (गळती-आगीत काय करायचं ते सांगणारं कार्ड) मात्र छापील स्वरूपात गाडीतच ठेवा. याशिवाय धोकादायक मालाच्या गाडीला सायलेन्सरवर स्पार्क अरेस्टर लागतो, वेग आणि चालवण्याची वेळ नोंदवणारा टॅकोग्राफ लागतो आणि गाडीचा ठावठिकाणा कळवणारं ट्रॅकिंग यंत्रही लागतं. ट्रॅकिंग यंत्राचं सिमकार्ड रिचार्ज न केल्यामुळे ते बंद पडलेलं असणं हा फिटनेसच्या वेळी वरचेवर निघणारा दोष आहे.

ड्रायव्हरचं लायसन्स

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरकडे ट्रान्सपोर्टचं लायसन्स तर हवंच, शिवाय त्याला आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता यायला हवी आणि राज्य सरकारने मान्य केलेल्या संस्थेतून तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं हवं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हातात असणं पुरेसं नाही. ते आरटीओला देऊन लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र आहे पण नोंद नाही, असे ड्रायव्हर खूप सापडतात आणि तपासणीत किंवा अपघातानंतर ती गाडी बिनपरवाना ड्रायव्हरने चालवल्यासारखी धरली जाते. विमा कंपनीलाही दाव्यात वाद घालायला तेवढं पुरतं.

मुदतीत आणखी एक खाच आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधं ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचं झालं, धोकादायक मालाचं तीन वर्षांचं. ऑफिसातल्या वहीत एकच तारीख लिहिलेली असते, बहुधा पाच वर्षांची. दोन तारखा दोन रकान्यांत लिहा.

बदली ड्रायव्हरचाही विचार आधीच करून ठेवायला हवा. लोड करताना गेटवर तपासलेला ड्रायव्हर पन्नास किलोमीटरवर उतरतो आणि दुसरा चढतो, हे या धंद्यात रोज होतं. दोघांचीही लायसन्सं, दोघांच्याही नोंदी ट्रिपच्या फाईलमध्ये नसतील तर गेटवरच्या तपासणीला अर्थ उरत नाही. गाडी उभी असतानाही ती ड्रायव्हरच्या किंवा अठरा वर्षांवरच्या दुसऱ्या जाणकार माणसाच्या देखरेखीखाली असायला हवी, असं नियम १३३ स्पष्ट म्हणतो. ढाब्यावर गाडी लावून सगळ्यांनी एकदम जेवायला बसणं हासुद्धा या नियमाचा भंगच आहे.

माल पाठवणाऱ्याची जबाबदारी

कारखान्यांच्या डिस्पॅच विभागात एक समज पक्का बसलेला असतो: टँकर भरला, बिल्टी झाली, आता जबाबदारी ट्रान्सपोर्टरची. नियम १३१ नेमकं याच्या उलट सांगतो. गाडी त्या मालासाठी वैध आहे का, तिच्यात प्रथमोपचार, सुरक्षा साहित्य आणि लागत असेल तर विषावरचा उतारा आहे का, ड्रायव्हर प्रशिक्षित आहे का, आणि ट्रान्सपोर्टरला मालाची पूर्ण, खरी माहिती दिली आहे का, हे सगळं पाहणं पाठवणाऱ्याच्या अंगावर आहे. ट्रान्सपोर्टरवर नियम १३२ ने दुसरी जबाबदारी टाकली आहे. मिळालेली माहिती पूर्ण आणि बरोबर आहे याची स्वतः खात्री करायची आणि ती ड्रायव्हरला लेखी द्यायची. म्हणजे माहितीची साखळी कंपनीपासून ड्रायव्हरपर्यंत लेखी जायला हवी. अपघातानंतर चौकशी होते तेव्हा कोणी कोणाला काय, कधी सांगितलं एवढंच शोधलं जातं. तोंडी सांगितलेलं तिथे सिद्ध करता येत नाही.

म्हणून गेटवर एक छापील तपासणी पत्रक ठेवा आणि त्यावर डिस्पॅचचा माणूस आणि ड्रायव्हर दोघांच्या सह्या घ्या. पत्रकात ‘ठीक आहे’ असे टिकमार्क नकोत. आरसी नंबर, परवान्याची शेवटची तारीख, लायसन्सवरच्या धोकादायक मालाच्या नोंदीची शेवटची तारीख, अग्निशामक सिलिंडरची पुढची तपासणी तारीख असे आकडे लिहायला लावा. टिकमार्क न बघताही मारता येतो. तारीख लिहायची तर कागद उघडून पाहावाच लागतो.

ट्रेम कार्ड

ट्रान्सपोर्ट इमर्जन्सी कार्ड, बोलीत ट्रेम कार्ड. एका रसायनासाठी एक कार्ड: मालाचं नाव आणि रूप, धोके काय, कोणतं संरक्षक साहित्य घालायचं, गळती झाली तर काय, आग लागली तर काय, अंगावर उडालं तर काय, कोणाला फोन करायचा. नियमानुसार ते पूर्ण प्रवासभर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असलं पाहिजे.

बरीच कार्डं फक्त इंग्रजीत असतात आणि ती ड्रायव्हरच्या पिशवीत, बिलांच्या गठ्ठ्यात दडलेली असतात. कार्ड ड्रायव्हर ज्या भाषेत घाईत वाचू शकेल त्या भाषेत छापा. तो सोलापूरचा असेल तर मराठीत, गोरखपूरचा असेल तर हिंदीत. सोबत इंग्रजी प्रत ठेवा, कारण दुसऱ्या राज्यातल्या अग्निशमन दलाला ती लागेल. लॅमिनेट करून दाराच्या कप्प्यात ठेवा. केबिनला आग लागली तर कार्ड हाती येणार नाही हे गृहीत धरून दुसरी प्रत ऑफिसातून व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवता येईल अशी तयार ठेवा.

गाडीवरची पाटी

नियम १३४ ची ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनेल’ ही पाटी तीन ठिकाणी लागते: दोन्ही बाजूंना आणि मागे. मालाचं अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, यूएन नंबर किमान १०० मिलिमीटरच्या आकड्यांत, वर्गाचं चौकटीसारखं तिरकं लेबल किमान २५० मिलिमीटरचं, आणि आपत्कालीन सेवेचा व माहितगार माणसाचा फोन नंबर किमान ५० मिलिमीटरच्या अक्षरांत. हे आकडे उगाच ठरवलेले नाहीत. गळणाऱ्या टँकरजवळ न जाता, दुर्बिणीतून किंवा दूर उभं राहून वाचता यावं हा त्यामागचा हेतू आहे.

पाटीवर ‘३वायई’ किंवा ‘२पी’ असा छोटा कोडही असतो. हा हॅझकेम कोड. अग्निशमन दलाचा जवान सगळ्यात आधी तोच वाचतो. पहिला आकडा विझवण्याचं साधन सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जोराचा फवारा, २ म्हणजे बारीक धुक्यासारखा फवारा, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडी पावडर. मधलं अक्षर जवानाचा पोशाख आणि गळलेल्या मालाचं काय करायचं ते सांगतं. पी, आर, एस, टी असेल तर भरपूर पाणी मारून पातळ करून वाहून जाऊ दिलं तर चालतं. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर बांध घालून अडवायचं, गटारात किंवा नदीत जाऊ द्यायचं नाही. शेवटी ई असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करायचा. टोल्युइनचा कोड ३वायई: फोम वापरा, श्वसनयंत्र घाला, माल अडवा, लोक हलवा. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा २पी: बारीक फवारा, अंगभर केमिकल सूट, पातळ करा, आणि जोरदार प्रतिक्रिया होऊ शकते हे लक्षात ठेवा.

आता विचार करा, आधीच्या ट्रिपला सल्फ्युरिकची पाटी होती, या ट्रिपला टोल्युइन भरलं आणि पाटी बदलली नाही. जवान पाण्याचा फवारा मारतील. टोल्युइन पाण्यावर तरंगतं आणि पेटलेलंच उतारावरून वाहत जाईल. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लोणावळा-खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला आणि चार जणांचा जीव गेला. पेटलेला द्रव कुठवर पोहोचतो हे त्या दिवशी राज्याने पाहिलं. चुकीची पाटी ही नसलेल्या पाटीपेक्षा घातक आहे, कारण नसलेल्या पाटीवर कोणी विसंबत नाही.

पाटीवरचा फोन नंबर ही आणखी एक दुखरी जागा. तिथे बहुधा कंपनीच्या स्वागतकक्षाचा लँडलाइन असतो आणि तो संध्याकाळी सहानंतर कोणी उचलत नाही. रात्री दोन वाजता उचलला जाईल आणि उचलणाऱ्याला त्या रसायनाची माहिती असेल, असाच नंबर पाटीवर हवा. महिन्यातून एकदा अवेळी स्वतः फोन करून पाहा.

या नियमांच्या भंगासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) मध्ये पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुन्हा पकडल्यास दंड वीस हजार किंवा कैद तीन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही त्यात येतात.

कारखान्याचा घातक कचरा: सात रंगांचा मॅनिफेस्ट

गाळ, वापरलेलं तेल, डिस्टिलेशनचा उरलेला लगदा असा माल निघाला की २०१६ चे घातक व इतर कचरा नियम लागू होतात. इथला मुख्य कागद म्हणजे नमुना १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणी पाठवला, कोणी नेला आणि कोणी घेतला याची नोंद, सात प्रतींत. पांढरी प्रत पाठवणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो. पिवळी ट्रान्सपोर्टरची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या पाच ड्रायव्हरबरोबर जातात. माल घेणारा गुलाबी स्वतःकडे ठेवतो, नारिंगी ट्रान्सपोर्टरला देतो, हिरवी मंडळाला आणि निळी पाठवणाऱ्याला परत पाठवतो. माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर राखाडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला जाते. काम संगणकावर होत असलं तरी कोणी कोणाला पोच द्यायची हा हिशोब तोच राहतो.

पाठवणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची निळी प्रत. ती परत आली म्हणजे तुमचा गाळ तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्रात खरोखर पोहोचला. ती आली नाही तर तो कुठे उतरला याचा तुमच्याकडे पुरावा नाही, आणि ओढ्यात रातोरात ओतलेल्या टँकरांची प्रकरणं अशाच न आलेल्या प्रतींच्या मागे दडलेली असतात. प्रत आठवड्यात आली नाही तर वाट पाहू नका, केंद्राला लेखी विचारा आणि मंडळाला कळवा.

वजनाचा फरक हा दुसरा नेहमीचा घोळ. मॅनिफेस्टवर अंदाजाने ‘१० टन’ लिहिलं जातं आणि केंद्राच्या काट्यावर साडेआठ भरतं. ओल्या गाळातून पाणी निथळल्यानेही थोडा फरक पडतो, पण दीड टनाचा खुलासा कोणी ऐकून घेत नाही. गाडी निघताना वजनकाट्यावर घ्या आणि पावतीवरचाच आकडा लिहा. राज्याबाहेर विल्हेवाटीसाठी पाठवत असाल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पुनर्वापरासाठी असेल तर दोन्ही मंडळांना आधी कळवावं लागतं, आणि वाटेत तिसरं राज्य येत असेल तर त्याच्याही मंडळाला. कारखान्यात हा कचरा सहसा नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. त्यामुळे ना-हरकतीचा अर्ज साठा भरत आल्यावर टाकला तर उशीर झालेला असतो. रोजच्या नोंदी नमुना ३ मध्ये आणि वर्षाचं विवरण नमुना ४ मध्ये, ३० जूनपर्यंत.

ट्रिपची फाईल

प्रत्येक ट्रिपला एक फाईल करा, कागदाची किंवा संगणकावरची. बिल्टी, इनव्हॉइस, ई-वे बिल, सेफ्टी डेटा शीट, ट्रेम कार्डाची पोच, गेटचं तपासणी पत्रक, दोन्ही ड्रायव्हरांच्या लायसन्सच्या प्रती, वजनाच्या पावत्या आणि पोहोच पावती. सोबत निघताना पाटीचे तिन्ही बाजूंनी काढलेले फोटो, तारीख-वेळ दिसेल असे. फोटो काढायला दोन मिनिटं लागतात आणि ‘पाटी बदलली नव्हती’ हा आरोप त्यानेच खोडता येतो.

ई-वे बिलाची मुदत साध्या गाडीसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. घाटात बंदी असेल किंवा शहरात जड गाड्यांची वेळ ठरलेली असेल तर ती वाटेत संपू शकते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, हे ड्रायव्हरला नव्हे तर ऑफिसातल्या माणसाला माहीत असायला हवं. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणजे २०२४-२५ चे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. बाकीचेही तेवढीच वर्षं ठेवा, वेगवेगळ्या मुदती सांभाळण्यापेक्षा सोपं पडतं. अपघाताचा दावा चालू असेल तर निकाल लागेपर्यंत त्या ट्रिपचं काहीच फेकू नका. सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ खालची पॉलिसी गाडीच्या थर्ड पार्टी विम्यापेक्षा वेगळी असते. तिची प्रतही फाईलमध्ये हवी.

अपघात झाला तर नियम १३६ प्रमाणे ड्रायव्हरने लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवायचं. ११२ ला फोन करताना यूएन नंबर आधी सांगायचा, रसायनाचं नाव नंतर. धावपळीत नाव ऐकण्यात चुकतं, चार आकडे सहसा चुकत नाहीत.

राहिला रिकामा टँकर. माल उतरवला की ड्रायव्हर पाटी झाकतो, कार्ड ठेवून देतो आणि पुढच्या लोडकडे निघतो. पण धुतलेली नसलेली टाकी वाफेने भरलेली असते आणि टोल्युइनची वाफ ठिणगीने सहज पेटते. वेल्डिंगला आणलेल्या ‘रिकाम्या’ टँकरचे स्फोट याच कारणाने होतात. टाकी साफ होऊन गॅस फ्री, म्हणजे आत वाफ उरली नसल्याचं, प्रमाणपत्र मिळेपर्यंत आधीच्या मालाची पाटी आणि कार्ड तसंच राहू द्या. साफसफाईचं प्रमाणपत्र पुढच्या ट्रिपच्या फाईलमध्ये पहिलं लावा, आणि नवी पाटी चढवण्याआधी त्या प्रमाणपत्रावरचा गाडी नंबर आणि तारीख गाडीशी जुळवून पाहा.